रिकाम्या जागेचे भाडे
दुबईच्या खाडीवर, देरा भागातील धक्क्यावर, व्यापाराचा एक जुना धडा नव्याने उमगतो. लाकडी गलबतांत माल रचताना खलाशी वीतभर जागाही रिती सोडत नाहीत. मुलांसाठीची ‘ऑप्टिमिस्ट’ ही शिडाची होडी तेथून मायदेशी आणू पाहणाऱ्या कुटुंबाने हाच धडा गिरवावा. होडीची लांबी २.३६ मीटर, वजन अवघे ३५ किलो. परंतु सामायिक कंटेनरचे भाडे घनमीटर व टन यांपैकी जे अधिक भरेल त्यावर ठरते. येथे महाग पडते ती पोकळी. म्हणून शीड, सुकाणू आणि घरचे किरकोळ सामान होडीच्या पोटातच बांधावे. जेबेल अलीहून मिळणाऱ्या स्वस्त भाड्याने हुरळू नये. न्हावा शेवा बंदरातील हाताळणी, सीमाशुल्क व घरापर्यंतची वाहतूक यांचे आकडे आधीच लेखी मागवावेत. हिशेब असा जुळला, तर लेकराच्या हौसेसाठी कर्ज काढावे लागत नाही.