बँकॉकात बिऱ्हाड कुठे करावे?

सदाशिव पेठेत उतरलेला पाहुणा आणि कॅम्पात उतरलेला पाहुणा, दोघेही आपापल्या गावी परतल्यावर ‘पुणे पाहून आलो’ असेच सांगतात. पण त्या दोघांच्या पुण्यांची एकमेकांशी तोंडओळखही नसते. बँकॉकचे याहून अवघड आहे. इ. स. १७८२ मध्ये चक्री घराण्यातल्या पहिल्या राम राजाने चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर राजधानी वसवली, आणि तेव्हापासून हे शहर नदीकडे पाठ करून पूर्वेकडे चालत सुटले आहे. नदीकाठी राजवाडा आणि देवळे, त्यांच्या खालच्या अंगाला चिनी पेठ, पुढे वकिलाती आणि पेढ्या, मग काचेचे बाजार, आणि त्याहीपलीकडे आकाशगाडीच्या खांबांखाली पसरलेला सुखुमवित रस्ता. एका टोकाला उतरलेल्या माणसाला दुसरे टोक गाठून परत यायचे म्हणजे दिवसाचा मोठा लचका तुटतो.

असे असूनही आपण मंडळी निघताना काय विचारतो? खोलीत चहाची किटली आहे का, न्याहारी फुकट आहे का, गच्चीवर पोहायचा तलाव आहे का. ज्या वस्तीत सकाळी दार उघडून पाऊल टाकायचे, त्या वस्तीची चौकशी राहूनच जाते.

आम्हाला ती चौकशी करणे भागच पडले. आमची मंडळी चार: मी, सौ., महाविद्यालयात शिकणारी कन्या आणि सत्त्याहत्तर वर्षांची आई. आईचे दोन्ही गुडघे दुखरे, आहार शुद्ध शाकाहारी, आणि वडील गेल्यापासून घराबाहेर पडणे जवळजवळ थांबलेले. आमची जुनी दुमजली इमारत पाडून तिथे अकरा मजले उभे राहिले, आम्ही नवव्यावर गेलो, आणि ओट्यावर बसून रस्त्याशी बोलणारी आई खिडकीपाशी बसून आभाळाशी बोलू लागली. बँकॉकचे नाव काढताच ती म्हणाली, “मला कशाला नेतोस बाळ? तुम्ही फिरणार, मी खोलीत बसणार. मग इथली खोली काय वाईट आहे?” या प्रश्नाला उत्तर देता येईल अशी वस्ती आम्हाला शोधायची होती.

आपल्याकडून निघणाऱ्या सहलींचा मुक्काम पुष्कळदा प्रातूनामला असतो. प्रातूनाम म्हणजे पाण्याचा दरवाजा. सेन सेप कालव्यावरच्या झडपेवरून पडलेले नाव. कपड्यांचा हा घाऊक बाजार. गल्लोगल्ली भारतीय खानावळी आहेत, दुकानदार हिंदीत भाव सांगतात, आणि बायोकचा मनोरा मान मोडेपर्यंत वर पाहायला लावतो. घरी लग्नकार्य असेल, चार पेट्या भरून खरेदी करायची असेल तर याहून सोयीची जागा नाही. पण रस्त्यावर मोटारींची अशी दाटी की तासभर एकाच चौकाचे दर्शन घडावे. आकाशगाडीचे स्थानक गाठायला बरीच पायपीट करावी लागते. राहिला तो १८३७ मध्ये खोदायला घेतलेला कालवा. त्यातून होड्या सुसाट जातात, जुन्या शहराच्या वेशीपर्यंत पोचवतात, आणि तरुण माणसाला त्यात मोठी गंमत वाटेल. पाणी उडू लागले की कडेच्या प्रवाशांनी दोरी ओढून ताडपत्री वर करायची, शिरस्त्राण घातलेला कंडक्टर बाहेरच्या चार बोटांच्या पट्टीवरून चालत तिकिटे फाडणार, आणि धक्क्याला होडी टेकते न टेकते तोच चढणारांनी चढायचे, उतरणारांनी उतरायचे. आईला त्या होडीत बसवायचे म्हणजे तिच्या गुडघ्यांची सर्कस करणे झाले असते.

कन्येची पसंती सुखुमवितला होती, आणि ती अगदीच पोरकट नव्हती. १९९९ च्या डिसेंबरात आकाशगाडी सुरू झाल्यापासून बँकॉकातले नवे जीवन या रस्त्याच्या कडेने वाढले. असोक चौकात आकाशगाडी आणि भुयारी गाडी यांची स्थानके एकमेकांना लागून आहेत. तिथे राहणाऱ्याला निम्मे शहर मोकळे होते. प्रोम पोंगच्या आसपास जपानी कुटुंबांची वस्ती आहे, रस्ते नीटनेटके आहेत. मात्र नानाच्या बाजूला रात्रीचे व्यवहार निराळे चालतात. मुलांबाळांसह गेलेल्याने चौथ्या गल्लीचे तोंड टाळलेले बरे. इथे एक गोष्ट जाणून घ्यावी. या शहरात गल्लीला ‘सोय’ म्हणतात. (आपल्याकडे सोय म्हणजे काय आणि इथे काय!) सुखुमवितच्या एका अंगाला विषम आकड्यांच्या सोया, दुसऱ्या अंगाला सम, पण बाराव्या सोयीसमोर अकरावी किंवा तेरावीच येईल असा भरवसा धरू नये. शिवाय एकेक सोय किलोमीटर-दीड किलोमीटर आत शिरते. ‘सुखुमवितवरील हॉटेल’ असे छापलेले असते, पण ते सोयीच्या तळाशी निघते आणि गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जाकिटे घातलेले मोटारसायकलवाले आपली वाट पाहत असतात. म्हणून वस्ती ठरवताना हॉटेल ते स्थानक एवढा शेवटचा तुकडा नकाशावर मोजावा, आणि तो आपल्या पावलांनी मोजू नये. मंडळींत जे पाऊल सर्वांत अधू असेल त्याने मोजावा.

खाओ सानची गोष्ट थोडक्यात आटोपतो. नावाचा अर्थ कांडलेला तांदूळ, पूर्वी तिथे तांदळाचा बाजार होता. आता पाठीवर बोचकी घेतलेल्या जगभरच्या तरुणांचा मेळा भरतो आणि रात्री गाण्याचा कल्लोळ असतो. एप्रिलच्या मध्यावर थायी लोकांची संक्रांत, म्हणजे सोंगक्रान, येते. तेव्हा खाओ सान आणि सीलोम या दोन रस्त्यांवर पाण्याची जी धुळवड चालते तिच्यात कोरडे राहण्याची इच्छा असणाऱ्याने शिरूच नये.

सीलोमचे मात्र इतर दिवसांत बरे आहे. सीलोमवरून नदीकडे उतरत गेले की बांग राक लागते, आणि तिथे चरोएन क्रुंग हा रस्ता नदीला समांतर जातो. बँकॉक पूर्वी कालव्यांचे शहर होते. गाडीघोडे चालवायला रस्ता नाही अशी परदेशी वकिलांनी तक्रार केली, तेव्हा चौथ्या राम राजाने हा रस्ता बांधवला, आणि १८६४ मध्ये तो खुला झाला. इथे एका गल्लीत मशीद, दुसरीत कॅथलिकांचे मोठे चर्च, आणि सीलोमवर तमिळ लोकांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेले मारीअम्मन देवीचे देऊळ. नवरात्राच्या अखेरीस देवीची मिरवणूक निघते तेव्हा सीलोमवर दिवे आणि झेंडूची फुले यांची रांग लागते, आणि पूजा मांडणारांत थायी माणसेच पुष्कळ असतात. साथोर्न धक्का आणि सफान ताकसिन हे आकाशगाडीचे स्थानक अगदी शेजारी आहेत, ही या भागाची खरी मातब्बरी. नदीची होडी कालव्यातल्या होडीपेक्षा पुष्कळ सभ्य. नावाडी शिट्ट्या फुंकून तिला धक्क्याशी आणतो, आणि म्हाताऱ्या माणसाला हात द्यायला कोणीतरी पुढे होतेच. सौ.चे मत अखेरपर्यंत बांग राकच्या बाजूने होते, आणि त्यात चूक काही नाही.

आम्ही तरी जुन्या शहरात उतरलो, साओ चिंग छा, म्हणजे प्रचंड झोपाळ्याच्या परिसरात. जुनी प्रवासवर्णने वाचून जाणारांना ही निवड वेडेपणाची वाटेल, कारण या भागात आगगाडी नाही असे त्यांत लिहिलेले असते. २०१९ पर्यंत ते खरेही होते. त्या वर्षी भुयारी गाडी चिनी पेठेखालून नदीपलीकडे गेली आणि वात मंगकोन, साम योत, सनाम चाय अशी स्थानके उघडली. साम योतपासून झोपाळा सावकाश चालीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे, आणि भुयारी स्थानकांत उद्वाहक आहेत. आकाशगाडीच्या काही जिन्यांपाशी ती सोय शोधत फिरावे लागते.

या पेठेत मराठी माणसाला पहिला धक्का बसतो तो भाषेचा. शहराचे खरे नाव क्रुंग थेप, म्हणजे देवांची नगरी. त्याचे संपूर्ण नाव ओळीच्या ओळी चालते आणि त्यात अयोध्या येते, इंद्र येतो, नगर बांधणारा विश्वकर्मा येतो. सनाम चाय मधला ‘चाय’ म्हणजे आपला जय. शाकाहाराला ‘मंगसविरत’ म्हणतात. फोड करून पाहा, मांस आणि विरती. मात्र मंगसविरत म्हटले तरी अंडे येऊ शकते. आईसारख्यांनी ‘जे’ हा शब्द पाठ करावा. पिवळ्या फलकावर लाल चिनी वळणाचे ते अक्षर दिसले की मांस, मासे, अंडे, दूध यांतले काही नाही, एवढेच काय, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या बाईला परमुलखात याहून मोठे अभयवचन कोणते? चिनी पेठेत असे फलक बरेच, आणि आपल्या नवरात्राच्या सुमारास नऊ दिवसांचे ‘जे’ व्रत येते तेव्हा सगळा याओवारात रस्ता पिवळा होतो. साम योतच्या पलीकडे फाहुरात ही कापडपेठ आहे. चुलालोंगकॉर्न राजाच्या अकाली गेलेल्या बाहुरद नावाच्या कन्येच्या स्मरणार्थ रस्त्याला हे नाव मिळाले. शिखांचा सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा तिथेच, आणि लंगरात पोळी-भाजी वाढणारा हात ‘कुठून आलात?’ हे हिंदीत विचारतो.

झोपाळा म्हणजे लाल सागवानी खांबांची उंच कमान. पूर्वी त्यावर राजब्राह्मण शिवाच्या स्वागतासाठी झोके घेत. १९३५ मध्ये तो सोहळा बंद झाला. शेजारी दिन सो रस्त्यावर १७८४ साली बांधलेले देवस्थान, त्यात शिव, गणपती आणि विष्णू यांची तीन वेगळी मंदिरे. शेंडी राखलेले, पांढरी वस्त्रे नेसलेले थायी ब्राह्मण आजही तिथे पूजा करतात आणि राज्याभिषेकासारख्या प्रसंगी राजवाड्यात जातात. बामरुंग मुआंग रस्त्यावर बुद्धमूर्तींची दुकाने आहेत. माणसाहून उंच सोनेरी बुद्ध प्लॅस्टिकच्या पिवळ्या कागदात गुंडाळून पदपथावर ओळीने बसवलेले. आई म्हणाली, “भाद्रपदापूर्वीचे पेण दिसतेय.”

पण तिचे मन जडले ते निराळ्याच गोष्टीवर. पहाटे सहाच्या सुमारास अनवाणी भिक्षू पात्र घेऊन रस्त्याने येतात. याला थायीत ‘बिन्थाबात’ म्हणतात, म्हणजे पिंडपात. कोपऱ्यावर एक बाई लहानसे मेज मांडून भिक्षेचे साहित्य विकायची: भाताच्या पिशव्या, रबराने बांधलेली भाजी, पाण्याची बाटली, एक कमळकळी. पहिल्या दिवशी मी आईबरोबर गेलो. चपला काढून तिने भात पात्रात सोडला. बायकांनी भिक्षूला स्पर्श करायचा नाही, एवढे त्या विक्रेतीने खुणेने सांगितले. गुडघे टेकता येईनात, म्हणून आई वाकून उभी राहिली. भिक्षूने पालीत आशीर्वाद म्हटला आणि तो पुढे गेला.

परतताना आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा पुण्यात माधुकरी मागून शिकले. एका घरची बाई म्हणे रोज दारात वाट पाहत उभी असायची, उशीर झाला तर विचारायची. तिचे नाव त्यांनी कधी विचारले नाही, त्याची त्यांना शेवटपर्यंत चुटपुट होती.” हे मी पंचेचाळीस वर्षांत प्रथम ऐकत होतो. जिन्यापाशी आल्यावर म्हणाली, “उद्या तू झोप. मी जाईन एकटी.”

आणि ती गेली. हॉटेलच्या पत्त्याचे कार्ड बटव्यात, काठी हातात. दोनशे पावलांचा रस्ता, मध्ये एकही मोठा चौक नाही. चौथ्या दिवशी यायला अर्धा तास उशीर झाला म्हणून मी घाबरून खाली धावलो, तर ती त्या विक्रेतीच्या शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून रबरे लावायला मदत करीत होती. दोघींमध्ये समान भाषा एकही नव्हती आणि गप्पा जोरात चालल्या होत्या.

सुखुमवितच्या विसाव्या मजल्यावर हे घडले नसते असे मी म्हणत नाही. भिक्षू तिकडेही फिरतात. पण तिथे लॉबी, मोटारींचे फाटक आणि सहा पदरी रस्ता ओलांडून आई एकटी गेली असती असे मला वाटत नाही.

या पेठेचे उणेही सांगितले पाहिजे. दुकाने संध्याकाळी लवकर मिटतात, फाहुरातही त्यातच आले, आणि आठनंतर रस्ते इतके निवांत होतात की तरुण मुलांना कंटाळा यावा. कन्या दोन संध्याकाळी सौ.ला घेऊन सयामच्या बाजारांकडे गेली ती रात्री उशिराच परतली. पदपथ उखडलेले आहेत. राजवाड्याच्या आसपास ‘आज राजवाडा बंद आहे’ असे सांगून टुकटुकमधून भलत्याच दुकानात नेणारे सद्गृहस्थ भेटतात. त्यांना नमस्कार करून दरवाजापर्यंत आपणच चालत जावे. आणि इथली पुष्कळशी छोटी हॉटेले जुन्या दुकानघरांतून केलेली आहेत: खाली दुकान, वर घर, मधे माडीसारखा उभा जिना. छायाचित्रात खोली दाखवतात, जिना दाखवत नाहीत. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी पत्र पाठवून दोनच गोष्टी विचाराव्यात: लिफ्ट आहे का, आणि नसल्यास तळमजल्यावर खोली मिळेल का. आमच्या हॉटेलात लिफ्ट नव्हती. तळमजल्याची खोली होती, आणि तिचे दार थेट रस्त्यावर उघडत होते.