वालूरची बारव आणि लग्नाचा पुरावा

मैत्रिणींनो, तुमचे लग्न झाले आहे हे तुम्ही कशावरून सिद्ध कराल? हसू नका! गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बोट दाखवाल, फार तर कपाटातला अल्बम काढाल. मीही तेच केले असते. पण गेल्या मार्गशीर्षात भाचीच्या सासरी, वालूरला, चार दिवस राहून आले आणि हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, हे नीट कळले.

वालूर हे परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले गाव. नांदेडहून तपोवन एक्सप्रेसने सेलूला उतरायचे आणि तिथून एस.टी. धरायची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळीभोर जमीन, कुठे पांढरा फुललेला कापूस, कुठे तूर, कुठे हिरवीगार शाळू. माझ्या शेजारी बसलेल्या आजीबाईंनी गाडी सुटायच्या आत माझे माहेर, सासर, मुलेबाळे सगळे विचारून घेतले. मनात म्हटले, मुंबईच्या वकिलातीतला साहेब यापेक्षा वेगळे ते काय विचारणार!

कारण काम तेच होते. भाचीचे लग्न आदल्या वर्षीच्या वैशाखात झाले. जावई न्यू जर्सीला असतात, तिथले नागरिक आहेत. लग्नानंतर तीन आठवडे राहून ते गेले, मध्ये दिवाळीला एकदा येऊन गेले. भाची सासूसासऱ्यांजवळ वालूरला. जावयांनी तिकडे आय-१३० नावाचा अर्ज भरला, तो मंजूर झाला, पुढचे अर्ज आणि फी झाली आणि आता मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून मुलाखतीचे बोलावणे आले होते. सोबत आणायच्या कागदांत एक ओळ अशी, की लग्न खरे आहे याचा पुरावा आणा.

ती ओळ ऐकून विहीणबाई जोत्यावरच बसल्या. "काय माय बाई! साऱ्या गावानं अक्षता टाकल्या, पंगती उठल्या, आन् आता अजून काय पुरावा पायजे?"

त्यांचे दुःख खोटे नव्हते. आपल्याकडे लग्न गावासमोर लागते. गाव हाच साक्षीदार. पण गाव काही मुंबईला नेता येत नाही. शिवाय परदेशात राहता यावे म्हणून नुसते कागदावर लग्न लावणारेही असतात. त्यासाठीच अमेरिकेने १९८६ साली वेगळा कायदा केला. खोट्या लग्नाला तिथे ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. तेव्हा साहेबाने शंका घेतली तर तो त्याच्या कामाचा भाग, आपल्या सुनेचा अपमान नव्हे.

अपमान कशाला म्हणतात तेही विहीणबाईंना सांगितले. १९७९ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची चक्क कौमार्य तपासणी करण्यात आली होती. केवढा गदारोळ उठला! ती पद्धत बंद करावी लागली. त्या मानाने कोणी कागद मागितले तर मी म्हणते, सुखाने द्यावेत. विहीणबाई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "चला, माळ्यावरची पेटी काढू."

आणि काय सांगू तुम्हांला, त्या पेटीत निम्मे काम होते! वर लग्नपत्रिका. खाली आहेराची वही: कोणी किती रुपये दिले, कोणी साडी दिली, कोणी टॉवेल-टोपी, सारे शाईने ओळीने लिहिलेले. मग भाचीच्या आत्याने दिलेले स्टीलचे पातेले आठवले. त्यावर नवरानवरीची नावे आणि लग्नाची तारीख कोरलेली. आपण भांड्यांवर नावे घालतो ती पंगतीत हरवू नयेत म्हणून. पण तारखेसकट दोघांची नावे एकत्र लिहिलेली अशी वस्तू आणखी कुठे मिळणार? वहीच्या पानांचे आणि पातेल्याचे फोटो काढून घेतले.

अल्बममधून फोटो निवडताना मात्र भाची चुकत होती. तिने स्टेजवरचे, सजूनधजून काढलेले चाळीस फोटो बाजूला ठेवले होते. मी म्हटले, "बाई, दहा पुरेत. पण सप्तपदीचा घे." १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सप्तपदीच्या विधीत सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो, हे आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक आहे? दोन्हीकडचे आईवडील ज्यात आहेत असा एक घेतला, दिवाळीचा एक आणि स्वयंपाकघरात जावई भाकरी थापायला बसले आहेत तो एक. भाकरीचा नकाशा झाला होता! प्रत्येक फोटोच्या मागे तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते लिहिले.

दुसऱ्या दिवशी बारव बघायला गेलो. वालूरला येऊन ती न पाहता जाऊ नका बरं का. मराठवाड्यात जुन्या बारवा पुष्कळ, पण हिच्या पायऱ्या सरळ उतरत नाहीत. गोल वळण घेत घेत पाण्याकडे जातात. शंखाच्या आत शिरावे तसे वाटते. किती वर्षे गाळाने आणि झुडपांनी भरलेली होती. गावकऱ्यांनी खपून साफ केली, तेव्हा तिचे रूप दिसले. पुढे टपाल खात्याच्या महाराष्ट्र विभागाने राज्यातल्या आठ बारवांची चित्रपोस्टकार्डे काढली, त्यांत वालूरची बारव आली.

काठावर उभी राहून भाची हळूच म्हणाली, "मावशी, ते कार्ड मी ह्यांना पाठवलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघंच बोललो ते इथंच."

"कार्ड कुठं आहे?"

"त्यांच्याकडं. जपून ठेवलंय म्हणतात."

अहो, पुरावा म्हणतात तो हाच की! टपालाच्या शिक्क्यावर तारीख, तिच्या हातचे अक्षर, त्यांचा न्यू जर्सीचा पत्ता. त्याच रात्री जावयांनी दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. फोनवरचे संदेश द्यायला मात्र ती लाजत होती. तिला समजावले, की खाजगी बोलणे कोणी मागत नाही. महिन्याला एखादे पान पुरे: बाबांचे औषध आणले का, सासूबाईंचा गुडघा कसा आहे, पैसे मिळाले का. संसार असल्याच बोलण्यात दिसतो.

मग बाकीचे गोळा केले. जावयांच्या पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के आणि विमानाची तिकिटे. तिच्या खात्यावर त्यांनी पाठवलेल्या पैशांची बँकेची नोंद. सासरच्या रेशनकार्डावर चढलेले तिचे नाव. जावयांनी विम्यावर वारस म्हणून तिचे नाव लावले तो कागद.

शेजारच्या काकूंचे प्रतिज्ञापत्र सेलूला जाऊन नोटरीसमोर केले. आधी त्या म्हणत, "मला काय कायद्याचं कळतं?" मी म्हटले, जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगा. त्यांनी सांगितले, "पहाटे साडेपाचला हिचा फोन वाजतो. त्याच्याकडं तवा रात्र पडलेली असती. ही अंगणात सडा टाकत बोलती. एक दिवस फोन आला नाही तर सडा धड पडत नाही." लिहून घेणारा क्षणभर थांबला. मी म्हटले, लिहा, असेच लिहा. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि या जोडप्याला कधीपासून ओळखता, हे मात्र प्रतिज्ञापत्रात हवेच. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर आणि त्याखाली भाषांतर करणाराची सही लागते, तेही उरकले.

विवाहनोंदणीचा दाखला आधीच होता. तो नसता तर अर्जच पुढे सरकला नसता. सासऱ्यांनी आग्रह धरून जावई परत जाण्यापूर्वी नोंद करून घेतली होती. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने ही नोंद गावात ग्रामपंचायतीत होते. तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी यांच्या सह्या लागतात. ९० दिवसांत करावी. उशीर झाला तर दंड भरूनही होते.

निघायच्या आदल्या रात्री फाईल लावताना भाची म्हणाली, "मावशी, हे सगळं त्या साहेबासाठी. आमचं आम्हांला ठाऊक नाही का?" तेव्हा तिला जे सांगितले ते तुम्हांलाही सांगते, कारण माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे.

अमेरिकेत पाऊल ठेवते त्या दिवशी लग्नाला २ वर्षे झाली नसतील, तर मुलीला मिळणारे ग्रीनकार्ड २ वर्षांचेच आणि अटीचे असते. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा पुरावे द्यायचे. आणि देव न करो, संसार मोडला किंवा नवरा छळ करू लागला, तर तिला एकटीलाही तो अर्ज करता येतो. पण लग्न तिने खऱ्या मनाने केले होते, हे तिनेच दाखवावे लागते. त्या वेळी कागद नवऱ्याच्या कपाटात कुलूपबंद असतील तर काय करणार? परदेशी लग्न करून बायकोला विसरलेल्या नवऱ्यांच्या कहाण्या आपण ऐकतो. आमचे जावई सोन्यासारखे आहेत. तरीही फाईलचा एक संच माहेरी ठेवला, एक तिच्या स्वतःच्या बॅगेत. विहीणबाई ऐकत होत्या. मला वाटले, आता रागावतील. त्या उठल्या, पेटीतून आपले पैठणीचे फडके काढले आणि म्हणाल्या, "ह्यात बांध. माझ्या लग्नाचा एक कागद नाही बघ माझ्याकडं."

मुलाखत पौषात झाली. पाठ करून जाऊ नकोस, माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, एवढेच बजावले होते. स्थळ कोणी आणले, लग्नाला किती माणसे होती, नवरा काय काम करतो, शेवटचे कधी भेटलात, असे चार-पाच प्रश्न. ठरवून झालेली लग्ने त्यांना नवी नाहीत. खरे सरळ सांगितले की झाले. फोटो चाळताना भाकरीपाशी बाई थांबल्या आणि हसल्या म्हणे. पासपोर्ट ठेवून घेतला तेव्हा भाचीने बाहेर येऊन पहिला फोन वालूरला केला, दुसरा न्यू जर्सीला.

माघात ती गेली. बँकेचे खाते दोघांच्या नावे, घरभाड्याचा करार दोघांच्या नावे, असे तिकडची फाईल चालू ठेवायला सांगितले आहे. नियम बदलत असतात, म्हणून वकिलातीची ताजी सूचना ज्याने त्याने वाचावी.

आणि तुम्ही? तुमची मुलगी परदेशी जायची असो वा नसो, आज दुपारची आवराआवर झाली की एकदा कपाट उघडा. तुमच्या स्वतःच्या लग्नाची नोंद झाली आहे का, दाखला कुठे आहे, घराच्या आणि खात्याच्या कागदांवर तुमचे नाव आहे का, ते बघा. मी वालूरहून परतल्यावर बघितले. आमच्या लग्नाची नोंदच नव्हती! पुढच्याच आठवड्यात यांना घेऊन महापालिकेत गेले. साक्षीदार म्हणून सही करायला ताई आली, आणि येताना पेढे घेऊन आली.