योंगकांगचे फ्लास्क

शांघायहून यिवूला वेगवान गाडीने दोन तासही लागत नाहीत. तिथल्या घाऊक बाजारात गाळेच पाऊण लाखाच्या घरात. सगळे बघायचे म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. आम्हाला तिथे माल उचलायचाच नव्हता. चार गाळ्यांवर भाव काढायचा, पत्ते घ्यायचे आणि थेट कारखाना गाठायचा, असा काकांचा बेत. पुण्याच्या रविवार पेठेतल्या आमच्या दुकानाला स्टीलचे व्हॅक्युम फ्लास्क हवे होते, आणि ते बनतात यिवूपासून मोटारीने तासाभरावरच्या योंगकांगला.

२०१८ चा डिसेंबर, कोंदट धुकं. योंगकांग जवळ येऊ लागलं तशा रस्त्याच्या दुतर्फा लोखंडी दारं, कढया, ड्रिल मशीन यांच्या पाट्या दिसू लागल्या. पहिल्या पत्त्यावर नमुन्यांची खोली झकपक, मागच्या बाजूला मात्र नुसते खोके. काकांनी दुभाषी मुलीला भिंतीवरचा परवाना वाचायला लावला. व्यवसायाच्या रकान्यात विक्री होती, उत्पादन नव्हतं. मधला व्यापारी वाईटच असतो असं नाही. पाच तऱ्हेचा थोडा थोडा माल हवा असेल तर तोच सोयीचा. पण झाकण गळायला लागलं की त्याच्याकडे केलेली तक्रार कारखान्यापर्यंत पोचेलच, याची खात्री नाही.

दुसरा पत्ता खऱ्या कारखान्याचा निघाला. नळ्या कापायच्या, पाण्याच्या दाबाने फुगवायच्या, आतलं भांडं बाहेरच्यात बसवून तोंड वेल्ड करायचं, मग निर्वात भट्टी. पुढे आतून तापवलेल्या बाटल्या पट्ट्यावरून येत होत्या आणि दोन बायका प्रत्येकीवरून उघडा तळवा फिरवत होत्या. बाहेरून ऊब लागली की निर्वात गेला; ती बाटली बाजूला. त्यांच्या हातांचा वेग बघत मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

काकांनी खिशातून मँगनीज तपासायचं औषध आणि छोटी बॅटरी काढली. आपल्याकडे लोहचुंबक लावून स्टील पारखतात, पण ३०४ आणि २०१ या स्टीलच्या प्रतींमधला फरक चुंबकाला कळत नाही. ३०४ मध्ये निकेल आठ टक्क्यांच्या आसपास. २०१ मध्ये निकेल कमी, मँगनीज जास्त, म्हणून स्वस्त आणि लवकर गंजणारं. आतल्या भांड्यावर थेंब फिकाच राहिला. बाहेरच्या पत्र्यावर लाल झाला.

मालक जराही ओशाळला नाही. "तुम्ही सांगितलेल्या भावात हेच बसतं," दुभाषीने सांगितलं. तो खोटं बोललाच नव्हता. बाहेरचं स्टील कुठलं, हे आम्ही विचारलंच कुठे होतं?

"काका, भाव अजून पाडू का?" मी कुजबुजलो.

"आधी काय घेतोयस ते लिहून दे. मग भाव कर."

बाहेरचं स्टील २०१ च ठेवलं, कारण पाणी त्याला लागत नाही. पण तसं कागदावर आलं. आतल्या पत्र्याची जाडी, झाकणाची सिलिकॉन रिंग, सहा तासांनी पाणी किती गरम राहायला हवं, खोका किती उंचीवरून पडला तरी टिकावा, सगळं उतरलं. भाव थोडा वर गेला. दोन नमुन्यांवर दोघांच्या सह्या करून टेप मारली. एक त्यांच्याकडे, एक आमच्या बॅगेत. तीस टक्के अॅडव्हान्स, सत्तर टक्के तपासणीनंतर. तीन हजारांच्या लॉटमधून १२५ नग काढायचे, आणि खोके निवडायचे ते आमच्या तपासनिसाने. मोठे दोष सातपर्यंत चालतील, आठवा निघाला की लॉट नापास.

अडलं ते तारखेवर. ५ फेब्रुवारीला चिनी नववर्ष. मालक म्हणे त्याआधी देतो. काका ऐकेनात. सुट्टीआधी घाईचा माल, सुट्टीनंतर निम्मे कामगार नवे. शेवटी मार्चअखेर निंगबो बंदरात माल जहाजावर चढवायचं ठरलं.

आज हाच सौदा करायचा तर स्टीलच्याही आधी बीआयएसचा परवाना विचारावा लागतो. २०२३ च्या आदेशाने या फ्लास्कना आयएसआय मार्क सक्तीचा केला, आणि परदेशातल्या मालासाठी तो परवाना उत्पादकाच्याच नावाने निघतो. मधल्या व्यापाऱ्याच्या नावावर भागत नाही.

निघता निघता मालकाच्या पुतण्याने अॅडव्हान्ससाठी खातं लिहून दिलं, तेही हाँगकाँगमधल्या कुणा माणसाच्या नावाचं. काकांनी कागद तसाच परत सरकवला. करारावर ज्या कंपनीचं नाव, पैसे तिच्याच खात्यात. अर्धा तास फोनाफोनी झाली, आमचा चहा दोनदा झाला. मग कंपनीच्या खात्याचा नवा कागद छापून आला, त्यावर गोल लाल शिक्का बसला, आणि आम्ही यिवूच्या मोटारीत बसलो.