वाटलेली कवडी

१/ चिनी लिपी शिकताना ‘गरीब’ हे अक्षर प्रथम पाहिले आणि आमच्या घरातील वाटणी आठवली. त्यात वर ‘वाटणे’ आहे, खाली ‘कवडी’.

२/ कोशात अक्षर ज्या घटकाखाली शोधतात, ते त्याचे मूलचिन्ह. कवडीच्या मूलचिन्हाचा उच्चार ‘बेइ’. १७१६ च्या खांग्शी कोशातील २१४ मूलचिन्हांत ते १५४ वे. संपत्ती, महाग, स्वस्त, उसने देणे, या साऱ्या अक्षरांत ते आहे.

३/ कारण प्राचीन चीनमध्ये कवडी मौल्यवान होती. शांग राजवंशातील राणी फू हाओ हिची कबर १९७६ मध्ये आन्यांग येथे उघडली, तेव्हा तीत साडेसहा हजारांहून अधिक कवड्या निघाल्या.

४/ इ. स. १०० च्या सुमारास कोशकार शू शन याने ‘गरीब’ची फोड केली: संपत्ती वाटली की थोडी होते. ‘वाटणे’ हा घटक अर्थासोबत उच्चारही सुचवतो.

५/ आजच्या सुलभ लिपीत ‘विकत घेणे’ व ‘विकणे’ यांतून कवडी गेली. ‘गरीब’मध्ये ती उरली आहे.

६/ आजोबांचे शेत तिघा भावांत वाटले गेले आणि एकाचेही भागेना. त्याला आम्ही नशीब म्हणत आलो. त्या अक्षरात मला त्याचे साधे गणित दिसले.