लख्ख करायचं नाही

जुन्या घड्याळांचा नाद म्हणजे सगळा उलटा कारभार! पितळेची भांडी आपण चिंच लावून लख्ख करतो. इथे लख्ख केलं की किंमत उतरते.

माझं ओमेगा स्पीडमास्टर १९७० सालचं आहे. हे मॉडेल १९५७ मध्ये मोटार-शर्यतींसाठी निघालं. काचेभोवतीच्या कड्यावर वेग मोजायचे आकडे आहेत. १९६९ मध्ये ते अंतराळवीरांबरोबर चंद्रावरही गेलं. (माझं नाही हो!) त्याला रोज चावी द्यावी लागते. काट्यांवरचा पांढरा रंग आता सायीसारखा पिवळसर झालाय, अंधारात चमकतही नाही. शौकिनांना नेमका तोच हवा असतो. नवे काटे बसवले तर घड्याळ छान दिसेल, पण त्या काळाचं राहणार नाही.

आई पुण्याहून न्यू जर्सीला आली, तेव्हा म्हणाली, "अरे, एवढे पैसे मोजलेस आणि ओरखडे तसेच? पॉलिश तरी करून घे."

"नको गं. पॉलिशने धातू झिजतो, कडा बोथट होतात. त्या परत येत नाहीत."

तिने हातातल्या पाटल्यांकडे पाहिलं. आजीच्या आहेत त्या, नक्षी पुसट झालीय. मोडून नव्या करा, असं सोनार तीनदा म्हणाला होता. आईने दिल्या नाहीत.