नाच संपला, ठेका उरला!

ड्रेस्डेनला लोक जातात ते एल्बेकाठचे राजवाडे आणि म्युझियममधली चित्रं बघायला. मी गेले एका वाद्यासाठी. ल्यूट! अर्ध्या कापलेल्या पेअरसारखं पोट, मागे मोडलेली मान आणि अठराव्या शतकातल्या जर्मन ल्यूटला तब्बल २४ तारा. ८० वर्षं जगणारा ल्यूटवादक ६० वर्षं तारा जुळवण्यातच घालवतो, असा टोमणा योहान मॅथेसननं १७१३ मध्येच मारून ठेवलाय.

या वाद्याचा बादशहा सिल्व्हियस लिओपोल्ड वाइस. १७१८ मध्ये तो इथल्या दरबारात नोकरीला लागला आणि १७४४ पर्यंत दरबारातला सगळ्यात जास्त पगाराचा वादक झाला. मधल्या काळात, १७२२ मध्ये, एका फ्रेंच व्हायोलिनवादकानं त्याच्या अंगठ्याचं पेरच चावून तोडायचा प्रयत्न केला. तुमच्या ऑफिसात निदान एवढं तरी होत नसेल!

वाइसनं ल्यूटसाठी लिहिले ते मुख्यतः स्वीट. हॉटेलातल्या स्वीटचाच हा शब्द. तिथे खोलीला लागून खोली, इथे नाचाला लागून नाच, सगळे एकाच पट्टीत. अलमांद नावानं जर्मन, कुरांत फ्रेंच, साराबांद स्पेनमार्गे आलेली, झीग ब्रिटिश बेटांवरची. गंमत म्हणजे यावर कुणी नाचत नाही. पाय केव्हाच थांबलेत, ठेका तेवढा राहिलाय. साराबांदमध्ये दुसऱ्या मात्रेवर जरा रेंगाळल्यासारखं होतं, ते त्या हरवलेल्या पावलांमुळेच.

जुन्या शहरात फ्राउएनकिर्शे चर्चसमोर उभं राहिलं की भिंतीत काळे दगड दिसतात. ते जुने. फेब्रुवारी १९४५ मध्ये शहरावर बॉम्ब पडले, आग लागली आणि १५ तारखेला हा घुमट कोसळला. ढिगारा चाळीसहून जास्त वर्षं तसाच पडून होता. मग जुने नकाशे आणि फोटो समोर ठेवून चर्च पुन्हा उभं केलं. ३० ऑक्टोबर २००५ ला ते नव्यानं खुलं झालं.

वाइसच्या संगीताचंही तेच झालं. १७५० मध्ये तो गेला, पुढच्या काही दशकांत ल्यूटची फॅशन गेली आणि शिकवणारेही संपले. राहिल्या त्या हस्तलिखित वह्या. त्यातल्या काही लंडनला, काही इथल्याच राज्य ग्रंथालयात. सहा रेघा आणि त्यांवर ए, बी, सी अशी अक्षरं. ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला पडदा. बोट कुठे ठेवायचं ते कागद सांगतो. सूर किती वेळ घुमू द्यायचा, ते मात्र सांगत नाही. विसाव्या शतकात वादकांनी या अक्षरांवरून वाजवायला सुरुवात केली, तेव्हा ते त्यांना स्वतःलाच शोधावं लागलं.

आपण दिवसभर फाइल्स सेव्ह करतो आणि निर्धास्त होतो. ड्रेस्डेनला कळलं, की सेव्ह झालेलं काहीच आपोआप जिवंत होत नाही. कुणीतरी बसून त्यावर बोट ठेवावं लागतं.

ड्रेस्डेन लांब आहे, मान्य! पण वाइसचा 'लँफिदेल' हा स्वीट आज रात्रीही ऐकता येईल. नावाचा अर्थ 'बेवफा'. ल्यूटचा आवाज मुळातच बारीक. तेव्हा व्हॉल्यूम वाढवू नका, पंखा बंद करा.