मंगळाला गूळपाणी

पुंडलिकनगरातल्या आमच्या गच्चीवर एक निळा ड्रम आहे. नळाच्या पाण्याचा वार बेभरवशाचा, म्हणून घरभर साठे: मोरीत टाकी, जिन्याखाली घागरी, वर हा ड्रम. उन्हाळ्यात तो रिकामा होतो आणि तळाचं शेवाळ वाळून काळपट खपली धरतं. नखाने उचकटलं तर भुगा. मेलेलंच म्हणायचं. पुढे कधीतरी पैठणच्या नाथसागरातून आलेलं पाणी त्यावर पडतं आणि आठ-दहा दिवसांत कडा पुन्हा बुळबुळीत होतात. आई चिडून काथ्याने घासायला लागते. मी आपला खपलीकडे बघत बसतो. मंगळाच्या मातीलाही माणसाने हेच विचारलं होतं: तू मेलेली, की नुसती वाळलेली?

१९७६ साली व्हायकिंग मोहिमेची दोन यानं मंगळावर उतरली, पहिलं २० जुलैला, दुसरं ३ सप्टेंबरला. जीव शोधायचे त्यांच्यावर तीन प्रयोग होते. त्यातला गिल्बर्ट लेव्हिन यांचा प्रयोग मला फार घरगुती वाटतो. चिमूटभर मातीवर पोषक द्रव्यं विरघळवलेल्या पाण्याचे थेंब टाकायचे. त्या द्रव्यांत किरणोत्सारी कार्बन. मातीत कुणी खाणारं असेल तर खाईल, वायू सोडेल आणि त्या वायूत तो कार्बन ओळखू येईल. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवतात, मग तांब्या पुढे करतात. व्हायकिंगने मंगळाला गूळपाणीच दिलं की.

आणि वायू निघाला! दोन्ही ठिकाणी निघाला. माती आधी १६० अंश सेल्सिअसला तीन तास तापवून घेतली, तेव्हा मात्र काही निघेना. कडकडीत दुधात विरजण घातलं की दही लागत नाही, तसंच काहीसं. लेव्हिन २०२१मध्ये वारले, तोवर म्हणत राहिले की आम्हाला जीव सापडला होता. बाकीच्या बहुतेकांना ते पटलं नाही, आणि त्यांना हट्टी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. यानावरच्या दुसऱ्या उपकरणाला मातीत स्वतःची अशी सेंद्रिय द्रव्यं दिसली नव्हती. शिवाय पोषक पाणी दुसऱ्यांदा दिलं तेव्हा नवा वायू आलाच नाही. उलट आधीचा थोडा मातीने परत ओढून घेतला. पाहुण्याने पहिला तांब्या घेतला, दुसऱ्याला हात आडवा केला. २००८मध्ये फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट क्षार सापडले आणि वादाच्या दोन्ही बाजूंना दारूगोळा मिळाला: वायू सोडणारी रसायनं त्यातून तयार झाली असतील, आणि माती तापवताना सेंद्रिय द्रव्यं त्यानेच जाळलीही असतील.

पण दुसरा तांब्या का नाकारला, हे माझ्या डोक्यातून जात नाही. चिलीचं अटाकामा वाळवंट पृथ्वीवरच्या सर्वांत कोरड्या जागांपैकी एक. २०१५ आणि २०१७मध्ये त्याच्या ऐन कोरड्या गाभ्यात पाऊस पडला. आपल्याला वाटेल, पाडवाच झाला असेल. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निघालं भलतंच: त्या मातीतले बहुतेक सूक्ष्मजीव पाण्यानेच मेले. हवेतल्या दमटपणातून मीठ जेवढी ओल ओढतं तेवढ्यावर भागवणारी ती मंडळी. पाणी भसाभस आत शिरलं आणि पेशी फुटल्या. व्हायकिंगने मंगळावरच्या जिवांना असंच बुडवलं तर नसेल, असं डर्क शुल्झ-माकुख हे शास्त्रज्ञ विचारतात. टँकरची वाट बघणाऱ्या गल्लीत राहून हे पचवायला जड जातं.

लांब कशाला, लोणार घ्या. उल्का आदळून बेसाल्टात झालेलं विवर. आमच्या बोअरमधून राखाडी भुकटी होऊन वर येतो तोच हा दगड. मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसाल्टचाच, म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारकडे डोळे लावून असतात. जून २०२०मध्ये सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तर हॅलोआर्किया, मिठात रमणारे सूक्ष्मजीव. पाणी आटत गेलं, खारटपणा चढत गेला, तसे ते माजले. पावसाने पाणी वाढलं आणि रंग ओसरला. आपला दुष्काळ तो त्यांचा सुगीचा हंगाम.

युरोपची रोझालिंड फ्रँकलिन नावाची गाडी आता मंगळावर जायची आहे, २०२८मध्ये उड्डाण ठरलंय. ती दोन मीटर खोल भोक पाडून माती काढणार. वरच्या थराला अवकाशातून येणाऱ्या किरणांनी भाजून काढलंय, खाली काही टिकलं असेल ही आशा. दोन मीटर! आमच्या गल्लीत तेवढ्यावर बोअरवाला चहासुद्धा मागत नाही.

परवा टँकर आला. दुपारचे दोन वाजलेले. पाइप ड्रममध्ये सोडून ड्रायव्हर पायरीवर टेकला. आईने सवयीने गूळ आणि तांब्या पुढे केला. त्याने गूळ तोंडात टाकला, तांब्या तसाच ठेवला.

"पाणी राहू द्या काकू, सकाळपासून पाण्यावरच बसलोय."

आईला पाण्याला नाही म्हटलेलं खपत नाही. तिने तांब्या पुन्हा त्याच्याकडे सरकवला.